किती वाढू?

मी भाजी वाढायचा एक जुना डाव आहे, मित्रांनो. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझा खोलगट तळ निरखला आणि म्हणाला, हा ज्या घरी जाईल तिथून कोणी अर्धपोटी उठणार नाही. ते ऐकून मी जो फुगलो, तो कितीतरी वर्षं फुगलेलाच होतो.

ज्या घरी मी आलो, तिथे आईच्या हातात शोभून दिसायचो. पाहुणे माझं कौतुक करत. पण घरातली धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणत, मी दिसलो की ताटावर हात आडवा धरायची. पोरगी वाळून काडी झाली आहे, या काळजीने आईच्या जिवाला घोर लागलेला. ती तो हात बाजूला सारून भाजी वाढायचीच. चिमणी घास गालात धरून मुसमुसत बसे. एकदा बाबांनी चिडून मला टेबलावर आपटलं. माझ्या दांड्याला आलेला बाक तेव्हाचा. पुढे तर जेवायची हाक आली की तिचं पोटच दुखू लागे. तिने टाकलेलं गारढोण जेवण आई शेवटी एकटी बसून संपवायची. मला फार वाईट वाटे, पण डावाचं ऐकतो कोण?

मग आईचा हात मोडला. प्लास्टर घातलं. बाबांनी भोपळ्याची भाजी कशीबशी रांधली आणि वाढायला मी चिमणीच्या हाती आलो. मला दोन्ही हातांनी धरून ती आधी आईपाशी गेली.

“आई, तुला किती वाढू?”

इतक्या वर्षांत आईला हे कोणी विचारलंच नव्हतं. अर्धा डाव पुरे, असं तिने हळूच सांगितलं. चिमणीने बरोबर अर्धाच वाढला, स्वतःलाही तेवढाच घेतला आणि बडबडत भाजी संपवलीसुद्धा. सवयीने आईचा मोकळा हात माझ्याकडे आला, पण मध्येच थांबला.

“अजून हवी का गं?”

“थांब, पोटाला विचारते.” चिमणी खरंच पोटावर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “थोडीशी चालेल.”

पुढे प्लास्टर निघालं, तरी वाढायचं काम चिमणीकडेच राहिलं. काही भाज्यांना ती अजून नाक मुरडते, आणि बाबा गप्प बसायला शिकले आहेत.

मित्रांनो, माझा बाक सरळ केला नाहीत तरी चालेल. मला कुणाच्या ताटाकडे नेण्याआधी एवढं विचारा, किती वाढू? आणि हो, आधी आईला विचारा.