पट्टा कुणी तोडला

रंगारीकाकांचा उजवा खांदा आखडला होता. उभं आयुष्य छतं रंगवण्यात गेलेला माणूस, पण आता सदरा चढवायलाही बायकोला हाक मारावी लागायची. शेवटी काकूच त्यांना व्यायामवाल्या ताईंकडे घेऊन आल्या. ताईंचा दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन पलंग, एक मोठा आरसा आणि खिडकीतल्या खुंटीला टांगलेले रबराचे रंगीत पट्टे.

पहिल्याच दिवशी ताईंनी एक पट्टा झटकन ताणला आणि काकांच्या ओठाला लावला.

"अहो, हा तर गरम लागतोय!"

"ताणलं की रबर तापतं. आता सोडते, बघा."

"गार पडला की!"

"आणि जितकं ताणाल तितका तो तुम्हाला उलटा ओढणार. म्हणून सोडतानाही सावकाश. नाहीतर सगळा जोर अंगावर येतो."

"म्हणजे आमच्या हिच्यासारखंच," काका म्हणाले. काकूंनी डोळे वटारले.

हळूहळू गुण येऊ लागला. हात खांद्याच्या वर जाऊ लागला आणि काका एकटेच येऊ लागले. अशाच एका दुपारी ताई दाराच्या मुठीला हिरवा पट्टा बांधत होत्या. गाठीजवळ त्यांना बारीक, पांढुरक्या भेगा दिसल्या. खिडकीतलं ऊन खाऊन रबर वाळलं होतं. नवा पट्टा कपाटात होता, पण कपाटाला कुलूप, किल्ली पर्समध्ये आणि बाहेर दोन पेशंट ताटकळलेले. एवढ्यात काय होतंय, उद्या बदलू, असं मनाशी म्हणत त्यांनी गाठ आवळली.

"अजून थोडं, काका! शेवटचं तेवढंच जड जातं. ओढा!"

फट्कन आवाज झाला. पट्टा गाठीपाशी तुटला आणि सुटलेलं टोक काकांच्या डोळ्यावर बसलं. ते मटकन खाली बसले. डोळा दाबून धरत ते म्हणाले, "माफ करा हं ताई. तुमचा पट्टा तोडला मी. हातच मेला धसमुसळा."

बोलायची वेळ तीच होती. ताईंनी ओलं फडकं आणलं आणि तोंडातून निघालं, "असू दे काका, होतं असं कधीकधी."

बुबुळावर ओरखडा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पट्टी बांधली आणि डोळा बरा झाला. खांद्याचं मात्र बिनसलं. काका आता पट्टा अर्ध्यावर ताणायचे आणि थांबायचे. "नको, परत तुटेल माझ्या हातून." वर गेलेला हात पुन्हा खाली येऊ लागला.

काकूंचा फोन आला, "ह्यांना बजावलं होतं हो मी, तिथे पैलवानकी करू नका म्हणून! आता घरी येईल-जाईल त्याला ह्यांचा पराक्रम सांगते." ताई फोनवर हसल्या. फोन ठेवल्यावर समोरचा जेवणाचा डबा त्यांच्याने उघडवेना.

पुढच्या खेपेला काकांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. आत कोरा हिरवा पट्टा. "तुमचं नुकसान झालं ना माझ्यामुळे." ताईंनी तो घेतला, "कशाला काका" इतकंच म्हणाल्या आणि कपाटात आपल्या न उघडलेल्या पट्ट्याशेजारी ठेवला. कपाट लावताना त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

मग मात्र त्यांना राहवेना. काका पुन्हा आले तेव्हा ताईंनी तुटका तुकडा त्यांच्यासमोर धरला आणि हलकेच ताणला. एकेक भेग चिमुकल्या तोंडासारखी उघडली.

"ढिला असताना ह्या दिसतही नाहीत धड. ताणलं की सगळा जोर भेगेवरच येतो. उन्हानं झालंय हे. त्या दिवशी बांधतानाच मी पाहिलं होतं, काका. नवा कपाटात होता, पण मी आळस केला. तुमच्या हातानं नाही तुटला तो."

काकांनी भेगांवरून नख फिरवलं.

"म्हणजे इतके दिवस घरात मी बोलणी खाल्ली, ती फुकटच?"

"हो."

"आणि तुम्ही ऐकत राहिलात."

"हो."

ते उठले, चपला सरकवल्या. आता हा माणूस परत यायचा नाही, असं ताईंना वाटलं. दाराशी काका वळले. "मला सांगून भागणार नाही. घरी या आणि तिला सांगा. माझ्या तोंडून तिला पटायचं नाही."

ताई त्याच संध्याकाळी गेल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहून काहीही न गाळता सगळं बोलल्या. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"डोळा गेला असता तर?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत बसले होते. "मी मात्र चारचौघांत ह्यांनाच..." काकूंनी ताईंना आत या म्हटलं नाही.

दोघंही पुन्हा यायला लागले. काकू दाराशी खुर्ची टाकून बसायच्या आणि प्रत्येक पट्टा उजेडात ताणून पाहिल्याशिवाय बांधू द्यायच्या नाहीत. ताई निमूटपणे पट्टा त्यांच्या हाती द्यायच्या. रागवायचा हक्क आपण घालवलाय, हे त्यांना ठाऊक होतं.

काका आधी अर्ध्यावर थांबले, मग जरा पुढे गेले. बऱ्याच आठवड्यांनी त्यांचा हात डोक्याच्या वर गेला आणि तिथेच ठरला. काकूंनी पदरानं डोळे टिपले. जाताना त्या ताईंजवळ घुटमळल्या, "बाहेर ऊन फार आहे आज, सांभाळून जा घरी," म्हणाल्या आणि नवऱ्यामागोमाग जिना उतरल्या.