पंपघरावरचा वाफा

बंबवाले काकांची उभी हयात अग्निशमन दलात गेली होती, आणि पाणी या विषयावर आपल्यासमोर कुणी तोंड उघडू नये असं त्यांचं ठाम मत होतं. पाणी खाली जातं. वर न्यायचं तर पंप लागतो आणि पंपामागे माणूस लागतो. निवृत्त होऊनही जित्याची खोड जाईना. कुठे नळ वाहताना ऐकू आला की ते हातातलं टाकून उठायचे.

अशा माणसाच्या घरात सून आली ती बागांचे आराखडे काढणारी. इमारतींच्या मधला पालिकेचा वाहनतळ तिने मोठ्या खटपटीने बागेसाठी मिळवला आणि तिथे लाकडी वाफे उभे केले, एक तर कोपऱ्यातल्या पंपघराच्या छपरावरही. प्रत्येक वाफ्याच्या तळाशी टाकी, वर माती, आणि मातीतून टाकीत सोडलेल्या जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या, कंदिलाच्या वातीसारख्या. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरणार आणि रोपांना लागेल तेवढंच पट्ट्यांवरून वर चढणार. कापडासाठी ती घरोघर फिरली. काकांनी नोकरीतला खाकी शर्ट काढून दिला.

"शर्ट घे, सूनबाई. पण पाणी काही स्वतःहून वर चढत नाही."

"चढतं, बाबा. तुम्ही फक्त वरून घालू नका."

तशी पाटीही तिने लावली. पाटी सगळ्यांनी वाचली. वाचण्यापलीकडे पाटीचं कुणी काय करतं?

रोपं आधी छान तरारली, मग पिवळी पडली. टोमॅटो माना टाकू लागले, घेवड्याची मुळं कुजली. रविवारी पालिकेच्या अधिकारी बाई पाहायला येणार होत्या. वाफे तगलेले दिसले तर बाग राहणार, नाहीतर पुन्हा गाड्यांसाठी पांढरे पट्टे. त्या पट्ट्यांकडे समोरच्या इमारतीतले एक गाडीवाले गृहस्थ डोळे लावून बसलेत, असं सगळे म्हणत. बागेपायी त्यांची गाडी दोन गल्ल्या पलीकडे गेली होती.

शनिवारी जेवताना सूनबाईने ताट बाजूला सारलं. "माझंच गणित चुकलंय, बाबा. माती चिखल झालीय. पट्ट्या फार पाणी ओढतायत. उद्या तसं सांगून टाकते त्यांना."

"सगळेच वाफे गेले?"

"पंपघराच्या छपरावरचा तेवढा टवटवीत आहे. माती तीच, पट्ट्या त्याच. तेच तर कळत नाही."

काकांचा घास तोंडातच राहिला. पंपघराच्या छपरापर्यंत त्यांची नळी पोचत नव्हती.

हो, नळी. फिरायला जातो म्हणून रोज पहाटे बाहेर पडायचे आणि वाफ्यांना नळी लावायचे. रोपं तहानेने मेली तर चार लोकांत पोरीचं हसं होईल, एवढीच त्यांची भीती. पानं पिवळी पडली तेव्हा त्यांनी पाणी आणखी वाढवलं. अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीचाही चिखल झाला होता.

रविवारी उजाडताच ते शिडीने पंपघरावर चढले. वरचा वाफा नुसता फुलून आला होता. घेवडा कठड्यावरून खाली झेपावत होता, टोमॅटोंच्या भाराने फांद्या वाकल्या होत्या. काकांनी मातीवर हात ठेवला. कोरडी. बोट खोल घातलं तर गार ओल लागली. थोडं उकरल्यावर खाकी कापड दिसलं, त्यांच्याच खिशाची शिवण असलेलं, पाण्याने गडद झालेलं.

तरी मन मानेना. त्यांनी टाकीचं झाकण उघडून कोरड्या रुमालाचं टोक पाण्यात सोडलं आणि दुसरं चिमटीत धरून बसले. ओलीची गडद कड धाग्याधाग्याने वर सरकू लागली. ना पंप, ना आवाज, ना कुणाचा हुकूम. आयुष्यभर त्यांनी पाण्याला आगीवर पिटाळलं होतं, पण ते आपल्या मर्जीने कसं चालतं हे बघायची सवड त्यांना कधी झालीच नव्हती. ओल बोटांना लागली तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

अधिकारी बाई आल्या, माणसं जमली. सूनबाई बोलणार तोच काका पुढे झाले.

"गणित बरोबर आहे, बाई. रोज पहाटे नळी मी लावत होतो."

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात मागून शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मग संध्याकाळची बादली माझी. मला वाटलं, कुणीच घालत नाही."

तळमजल्यावरचे मास्तर चष्मा पुसू लागले. त्यांचा तांब्या होता. मग जरा वेळाने, सगळ्यांत मागून, गाडीवाल्यांनी घसा खाकरला.

"मला जागा परत हवी होती, ती हवीच आहे. पण गाडी काढायला जाताना ती रोपं माना टाकून उभी दिसायची. मी आपली बाटली ओतायचो."

कुणी हसलं नाही. काका वाफ्यांकडे बघत राहिले. बागेवर विश्वास एकाचाही नव्हता, आणि पाणी मात्र सगळ्यांनी घातलं होतं.

अधिकारी बाई शिडी चढून गेल्या. बराच वेळ वर राहिल्या. उतरल्या तेव्हा त्यांची बोटं मातीने भरली होती.

"बाग राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण नळीला कुलूप लावा."

माणसं पांगली तरी सूनबाई जागची हलली नव्हती. काकांनी खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ओला होता.

"चढतं गं," ते म्हणाले.