एसपी साहेबांची खरी काजं

दुकानात एसपी साहेब आले तेव्हा माझी दहावीच्या गणिताची वही कापडाच्या ताग्यावर पसरलेली होती. खरे एसपी नाही हो, मालिकेतले! आठवड्यापासून चंद्रपुरात शूटिंग सुरू आहे आणि हे त्यातले कडक साहेब. हवालदाराचा पट्टा सैल दिसला तरी सस्पेंड! नट प्रफुलभाऊ मूळचे आरमोरीचे. मी तर उडालेच.

“मास्तर, एसपीची वर्दी शिवून पाह्यजे. एकच. परवापर्यंत.”

माझे अब्बा, जहीर टेलर, पोलिसांची वर्दी शिवतात, पण ओळखपत्र पाहून. एकदा जरी ती भलत्याच्या अंगावर गेली, तर भरोसा गेला आणि दुकानही गेलं. नाटकवाल्यांची मात्र बिनधास्त शिवतात. ती वेगळीच असते ना! वरून शोभेची बटणं, आत टिचबटणं. दोन प्रवेशांच्या मधात ओढली की निघाली पाहिजे.

“आतून टिचबटणं लावतो,” अब्बा म्हणाले.

“नाई, खरी काजं करा. अन् धुतल्यावर रंग उतरला नाई पाह्यजे.”

माझी पेन्सिल थांबली. शूटिंगची वर्दी एवढी धुऊन धुऊन कोण घालतं?

“काका, मारामारीच्या सीनसाठी दुसरी जोडी नाई लागत?”

“तुले काय करायचं? अभ्यास कर.”

अब्बा हसत टेप घेऊन उठले. मला राहवेना. प्रफुलभाऊंच्या गळ्यातल्या शूटिंगच्या पासवर मालिकेच्या कंपनीचा नंबर होता. लावला फोन, तोही स्पीकरवर!

“हो, प्रफुल आमचाच एसपी,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “पण वर्दी कशाला? त्याच्या तीन जोड्या आहेत. रोज शूटिंग संपलं की आम्ही जमा करून घेतो.”

मी फोन ठेवला.

“घरच्यांले दाखवाची होती,” प्रफुलभाऊ पुटपुटले.

“मग धुवाची काऊन?” मी विचारलं.

त्यांनी एकदम मान ताठ केली. “मास्तर, माप घ्या! नाई तर दुकानाले कुलूप लावीन!”

अगदी मालिकेतलाच आवाज. अब्बांचा हात सवयीनं सलामीसाठी अर्धा वर गेलासुद्धा! मग त्याच हातानं त्यांनी टेप गुंडाळली.

“भाऊ, तुमी एसपी लई चांगले करता,” ते हळूच म्हणाले. “म्हणूनच नाई शिवत.”

प्रफुलभाऊ पास शर्टात खुपसून निघाले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत अब्बा पाहत राहिले.

“शिरीन बेटा, ठाण्यात फोन लाव.”