गाळा क्रमांक त्रेचाळीस

नगरपालिकेच्या नोंदवहीत स्वस्त घरांचे अठ्ठेचाळीस गाळे होते. जागेवर जाऊन मोजले की बेचाळीस भरत. तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा मोजले, तिन्ही वेळा बेचाळीस.

सोडतीत त्रेचाळिसावा गाळा शाळेच्या शिपाईणबाईंना लागला होता. शाळेत त्यांना सगळेच मावशी म्हणत; हेडसरही म्हणत, जे त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे होते. मावशींजवळ वाटपपत्र होते, त्यावर सही होती, शिक्का होता, ‘गाळा क्र. ४३, दक्षिणेकडून पहिला’ असा तपशीलही होता. नव्हता तो फक्त गाळा. घरमालकाने महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितले होते आणि अखेरीला अकरा दिवस उरले होते.

‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर चौथ्यांदा मिळाल्यावर मावशी गृहनिर्माण विभागाच्या बाकावर बसून राहिल्या. कार्यालय बंद करायची वेळ झाली, तरी उठेनात. तेव्हा चौकशी खरोखरच चालू करावी लागली. ती कोणाकडे द्यायची, हा प्रश्न होता. निधी एकच असल्यामुळे निम्मे कर्मचारी शाळांच्या दुरुस्तीच्या बाजूचे होते, निम्मे घरांच्या. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाई तेवढ्या कुठल्याच बाजूच्या नव्हत्या. त्यांना कार्यालयात थर्मामीटर म्हणत, कारण ताप कोणालाही असो, त्या फक्त किती ते सांगत.

थर्मामीटरबाईंनी आधी गृहनिर्माण अधिकाऱ्यांना गाठले.

“उद्दिष्ट अठ्ठेचाळीसचं होतं मॅडम, आणि अठ्ठेचाळीस पूर्ण झाले,” ते म्हणाले.

“त्यांतले सहा कुठे आहेत?”

“पूर्ण झालेल्यांत.”

बाईंनी नोंदवही मागून घेतली. बेचाळीस नोंदी एका शाईत, एका अक्षरात होत्या. त्याखालच्या सहा एकाच दिवशी, दुसऱ्या हाताने चढवलेल्या. त्यांच्यापुढे पत्ता नव्हता. शेरा होता: ‘जुने. छप्पर गळके. राहणाऱ्याने अर्ज केल्यास दुरुस्ती करावी.’ नवी कोरी, काँक्रीटच्या छताची घरे मोजायला बसलेल्या वहीत ही जुनी गळकी घरे कुठून आली, हे अधिकाऱ्यांना सांगता येईना. मात्र ती आली हे उत्तमच झाले, असे त्यांचे मत दिसले.

दुसऱ्या दिवशी बाई मावशींचा जबाब घ्यायला शाळेत गेल्या. रात्रभर पाऊस झाला होता. मावशी वर्गावर्गांतून बादल्या उचलून मोरीत रिकाम्या करत होत्या.

“मावशी, तुम्ही स्वतः शोधलंत का घर?”

“शोधलं की. बेचाळीसच्या पुढं भिंत आहे आणि भिंतीपलीकडं गटार. माझा नंबर गटारात लागला असेल तर तसं सांगा बाई. तिथं निदान खोली खाली करा म्हणून कोणी येणार नाही.”

हेडसर बाहेर आले. पाणी तपासणाऱ्या बाई म्हणजे नळाची तक्रार, असे समजून त्यांनी आधी नळ चांगला असल्याचे सांगितले.

“पाणी वरून येतं आमच्याकडे,” ते म्हणाले. “सहाही गाळ्यांत. बादल्या अकरा.”

बाईंचे पेन थांबले. “सहा काय?”

“गाळे. खांब सात, गाळे सहा. माझे वडील सुतार होते. दोन खांबांमधल्या जागेला मी खोली म्हटलं असतं, तर त्यांनी रंधा फेकून मारला असता.”

“दुरुस्तीच्या अर्जात असंच लिहिलंत?”

“पाच वर्षांपूर्वी. ‘दक्षिणेकडून मोजता सहा गाळे, छप्पर गळके, दुरुस्ती व्हावी.’ शिक्षण विभाग म्हणतो, ही वास्तू आता आमच्याकडे नाही. गृहनिर्माण म्हणतं, राहणाऱ्याने अर्ज करावा. राहतंय कोण इथे? पाली.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “सर, दक्षिणेकडून पहिला गाळा कुठला?”

“चौथीचा वर्ग.”

मावशी दारात उभ्या राहून वर्ग न्याहाळू लागल्या. “फळ्याखाली ओटा बसेल,” त्या म्हणाल्या. “पण चौतीस भाडेकरू आहेत आत. एकानंही आजवर भाडं दिलेलं नाही.”

त्याच आठवड्यात समिती बसली. नोंदवहीतून सहा गाळे वगळले गेले. उद्दिष्ट अपूर्ण ठरले आणि शाळा पुन्हा शाळा झाली. निधी मात्र होता तेवढाच राहिला.

“आधी छप्पर की आधी घरं?” अध्यक्षांनी विचारले. “मॅडम, तुम्ही सांगा.”

“ते माझ्याकडच्या कुठल्या उपकरणात येत नाही,” थर्मामीटरबाई म्हणाल्या. “ते ठरवायला तुम्हाला निवडून दिलंय.”

अध्यक्षांनी मावशींकडे पाहिले.

“माझ्याकडं काय बघता साहेब? दिवसभर मी तुमच्या छपराखाली भिजते आणि संध्याकाळी खोली शोधते. कुठूनही सुरू करा. पण सुरू करा.”

दोन तास वाद झाला. शेवटी यंदा तीन घरे आणि तीन गाळ्यांचे छप्पर, उरलेले पुढच्या वर्षी, असे ठरले. पहिले घर मावशींना. ते होईपर्यंत नगरपालिकेच्या कर्मचारी निवासातली एक रिकामी खोली. चौथीचा वर्ग पहिल्या तिनांत आला. पाचवीला आणखी एक वर्ष बादल्या पुरवायच्या होत्या आणि त्याबद्दल पाचवीच्या बाई समितीशी अजूनही बोलत नाहीत.

थर्मामीटरबाईंचा अहवाल अर्ध्या पानाचा होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले: ‘शाळेच्या अर्जातील गाळा म्हणजे दोन खांबांमधील जागा. आवक विभागाने तो राहण्याचा गाळा समजून अर्ज गृहनिर्माणाकडे पाठवला. उद्दिष्टात सहा कमी पडत होते, म्हणून गृहनिर्माणाने ते सहा मोजले आणि शिक्षण विभागाला तसे कळवले. शिक्षण विभागाने वास्तू यादीतून काढली. शाळा नगरपालिकेच्या इमारतीपासून चालत सात मिनिटांवर आहे. पाच वर्षांत कोणी चालत गेले नाही.’