वाती वळताना अन्नपूर्णाकाकू

अन्नपूर्णाकाकूंचे डोळे खाली होते आणि फोटोच्या छापातही ते खालीच राहावेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

कार्तिकात मी त्यांचा फोटो घेतला तेव्हा त्या दुर्गाघाटावरच्या आपल्या गच्चीवर वाती वळत बसल्या होत्या. ऊन बाजूने येत होतं. पापण्यांची सावली गालावर उतरली होती. काकू कापसाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही, आणि म्हणूनच तो फोटो मला आवडला. घाटावरच्या स्टुडिओत लोक बसतात ते कॅमेऱ्याला घाबरून, डोळे वटारून. काकू विसरून गेल्या होत्या की मी तिथे आहे.

काकूंचे यजमान ढुंढिराजकाका आमच्या मंडळातले सगळ्यात वडील चित्रकार. दर गुरुवारी त्यांच्या माडीवर आम्ही जमायचो. कुणी देवादिकांची चित्रं काढणारे, कुणी लग्नघरांच्या दारावर हत्ती-कलश रंगवणारे, आणि दिनानाथदादा नाटकांचे पडदे रंगवायचा. विज्ञान शिकलेली मी एकटीच, आणि बाईही मी एकटीच. माघात लखनौला प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात आमच्या मंडळाला एक भिंत मिळाली होती. फोटोछापांचा विभाग वेगळा. त्याचा नियम मी सर्वांना वाचून दाखवला होता: हाताने रंगवलेला किंवा सुधारलेला छाप घेतला जाणार नाही.

"म्हणजे सूर्यनारायणाने काढायचं आणि बकुळने नाव घालायचं," दिनानाथदादा म्हणाला. "बढिया धंदा आहे, गुरू!"

"सूर्य नुसता उजेड देतो, दादा. डिंक मी कालवते, रंग मी घालते, किती धुवायचं ते मी ठरवते."

"मग हाताने केलेलंच झालं की ते."

यावर बराच वेळ भांडण झालं. शेवटी काका म्हणाले, "पोर एवढी खपतेय, तर एक छाप तिचाही जाऊ दे." काकांनी म्हटलं की विषय संपायचा. वर्षभर मी त्या माडीवर सतरंजीच्या कडेला बसून दुसऱ्यांची चित्रं बघत आले होते. या छापामुळे मी त्यांच्यातली होणार होते, निदान मला तरी तसं वाटत होतं.

रीत सांगायला सोपी आहे. बाभळीच्या डिंकात काजळी आणि बायक्रोमेट नावाचं नारिंगी रसायन कालवायचं, ते जाड कागदावर पातळ पसरून अंधारात वाळवायचं. मग त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. जिथे ऊन लागतं तिथला डिंक कडक होऊन कागदाला धरून राहतो, जिथे लागत नाही तिथला पाण्यात सुटून जातो. एका थराने सावल्यांना खोली येत नाही, म्हणून तोच कागद पुन्हा पुन्हा त्याच रीतीने न्यावा लागतो. प्रत्येक थर धुताना आधीचं सगळं वाया जाण्याची भीती असते.

आमचं घर गल्लीच्या तळाशी, तिथे ऊन येत नाही. म्हणून हे सगळं मी काकांच्या गच्चीवर करायचे. बायक्रोमेट विषारी असतं, त्यामुळे माझी भांडी मी स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचे. माझी पिवळी बोटं बघून काकू म्हणायच्या, "हळद लागलेली दिसतेय! लागू दे बाई एकदाची."

पौषात धुक्याचा कोहरा पडला तो हटेना. घाटावरून पलीकडची वाळू दिसेनाशी झाली. दुपारी कधी तासभर सूर्य दिसायचा, तोही धुतलेल्या कवडीसारखा. त्या उजेडात डिंक अर्धवट कडक व्हायचा आणि पाण्यात घातला की काकूंचा गाल, कपाळ, सगळंच सावकाश विरघळून जायचं. मी उजेडाचा वेळ वाढवला, तर कापूसही काळा पडला. डिंक दाट केला, तर थर पोपडे धरून सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मला शिकवलेलं होतं. पण ऊनच रोज वेगळं, तिथे काय स्थिर धरणार? कलकत्त्याहून आणलेला जाड कागद संपत आला. नवा मागवायला वेळ नव्हता.

शेवटच्या कागदावर मात्र दोन थर चांगले बसले. ज्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने दिनानाथदादा मंडळाची चित्रं लखनौला नेणार होता, त्याच दिवशी सकाळी आकाश स्वच्छ निघालं. मी शेवटचा थर उन्हात धरला, मग कागद पालथा करून पाण्यात तरंगत ठेवला. काही वेळाने एक कोपरा उचलून बघितलं. पापणीखालची सावली आली होती, जशी हवी तशी. कागद तसाच आणखी थोडा वेळ पाण्यात राहायला हवा होता. तेवढ्यात संकठा घाटाजवळच्या सुताराकडून चौकट आणावी, असं मी ठरवलं.

गच्चीवर माकडांचा सुळसुळाट. काका काठी घेऊन राखणीला बसले.

"काका, थोड्या वेळाने कडेला धरून पाण्यातून काढायचा आणि फळीवर आडवा ठेवायचा, बस. ओला असताना रंग बोटालाही येतो. चित्राला हात लावू नका."

"जा गं. चाळीस वर्षं कागदच हाताळतोय मी."

सुताराने चौकट तयार ठेवली नव्हती. तो रंधा मारत बसला आणि मी त्याच्या दारात उभी राहून मनात चडफडत होते. परत आले तेव्हा कागद फळीवर आडवा होता. काका शेजारी बसून ब्रश पुसत होते.

काकू माझ्याकडे बघत होत्या.

मला आधी कळेना काय झालं ते. वाती होत्या, कापूस होता, बोटं होती, आणि चेहरा वर नसूनही डोळे वर आले होते. सुंदर काढले होते, टपोरे, पाणीदार. बुबुळात उजेडाचा ठिपकासुद्धा होता. वरचा थर काकांनी ओल्या ब्रशने उचलला होता, खालचे दोन चाकूच्या टोकाने खरवडले होते, आणि त्या जागी पांढरा भरला होता. पापण्यांची सावली कुठेच उरली नव्हती.

"काका, हे काय केलंत?"

"उघडले," ते म्हणाले. "मिटलेले राहिले होते."

"मिटलेले नव्हते! त्या खाली बघत होत्या!"

"कागदावर मिटलेलेच दिसतात."

तेवढ्यात चित्रं बांधायला दिनानाथदादा वर आला. त्याने छाप बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "माकडांपासून वाचलं आणि आमच्या काकांपासून नाही!" पण मी हसत नाही हे बघून हळूच म्हणाला, "काचेआड कोणाला कळणार आहे? पाठव तसंच."

"मला कळतंय ना. आणि नियम स्पष्ट आहे."

"मग चित्रांमध्ये लाव. काकांच्या नावावर."

"माझ्या नाही," काका लगेच म्हणाले. "डोळे उघडणाऱ्याने नाव घालायचं नसतं."

मला माहीत होतं ते कशाबद्दल बोलत होते. मणिकर्णिकेवर चितेआधी लोक प्रेताचा शेवटचा फोटो घेतात. कुणाच्या आई-बापाचा दुसरा फोटोच नसतो, मग स्टुडिओवाले तोच मोठा करून काकांकडे पाठवतात. काका त्यावर रंग देतात, नाकातला कापूस पुसून टाकतात आणि सगळ्यात शेवटी डोळे उघडतात. शहरातल्या किती भिंतींवरून अशी माणसं बघत असतील! आमच्या घरातही आजोबा तसेच बघतात.

"पण काकू जिवंत आहेत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "खाली स्वयंपाक करतायत!"

"म्हणून तर," काका म्हणाले. "माझ्या फळीवर मिटलेल्या डोळ्यांचं जे माणूस येतं ते जळून आलेलं असतं. आज पाण्यातून हिला काढली आणि..." त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा पुसला. "हात थांबला नाही."

मला फार राग आला होता आणि त्या रागाला जायला जागा नव्हती. त्यांनी खोडसाळपणा केला असता तर बरं झालं असतं.

आवाज ऐकून काकू पदराला हात पुसत वर आल्या. मी छाप त्यांच्यापुढे धरला. वाटलं, निदान त्या तरी म्हणतील, ही मी नव्हे.

"अगो बाई," त्या म्हणाल्या. "किती छान आलाय गं! डोळे बघ कसे आलेत. हा घरातच राहू दे. लखनौला कशाला?"

दिनानाथदादाने बाकीची चित्रं गोणपाटात बांधली. माझ्या जागेचं काय करू, असं त्याने विचारलं नाही, पण दोर आवळण्यापूर्वी थोडा थांबला. मी नकारार्थी मान हलवली. त्याने गाठ मारली आणि तो गेला.

छाप काकूंना दिला. मी निगेटिव्ह कोरड्या कपड्यात गुंडाळत होते तेव्हा काकांनी विचारलं, "ते ठेवणार आहेस?"

"कागद आला की पुन्हा छापणार."

"असाच? डोळे खाली?"

"असाच."

काकांनी काठीने फरशीवरचा ओला डाग पसरवला. "मी असेपर्यंत नको छापूस, बकुळ."

"नाही काका, छापणार." मी कपड्याची शेवटची घडी घातली. "त्या दिवशी काकू अशा होत्या. मी पाहिलंय."

"मग या गच्चीवर नको," ते म्हणाले. रागाने नाही, कुणाला पाटावरून उठायला सांगावं तसं म्हणाले.

मी परात, बाटल्या, डिंकाचं भांडं गोळा केलं. जिन्यात परातीतलं पाणी हिंदकळून साडीवर सांडलं आणि निऱ्यांवर नारिंगी डाग पसरला. गल्लीत मी वर बघत चालले होते, कुणाच्या गच्चीवर दुपारचं ऊन येतं ते.

"सावकाश गं," मागून काकूंनी हाक दिली. "गल्लीच्या पायऱ्या ओल्या आहेत. आणि जेवून जायचं होतंस."