पहिलं शील

आमच्या विहारातलं पहिलं शील मंगळवारी गेलं. भिंतीवर पंचशीलाच्या पाच ओळी होत्या, चार उरल्या. वरची जागा गुळगुळीत होती, तिथे कधी काही लिहिलंच नव्हतं अशी.

वंदना मी घेते, तीस वर्षं झाली. मी पुढे म्हणायचं, लोकांनी मागून म्हणायचं. पुढे जो उभा राहील त्याच्यामागे आम्ही हात जोडून म्हणतो. मंगळवारी राष्ट्रगौरव मंचाचे अध्यक्ष दिगंबर पाथ्रडकर हार घेऊन आले. तथागत म्हणजे या देशाचा पहिला सेनापती, असं बोलले आणि माइक घेऊन स्वतःच शीलं म्हणू लागले. त्यांनी चारच म्हटली. आम्हीही चारच म्हटली. घोटाळा आमचाच.

दुसऱ्या दिवसापासून जीवहत्या न करण्याचं शील कुणाच्या जिभेवर येईना. शेजारची शेवंताबाई मुंगीसुद्धा कागदावर उचलून बाहेर सोडायची. आता ती दुपारभर ओट्यावर बसून मुंग्या चिरडत होती, एकेक, मन लावून. मला रडू आलं. मग राग आला, आणि रागात माझी कामं चांगली होतात. मी मंचाच्या कचेरीत गेले.

शील पाथ्रडकरांच्या टेबलावर फायलींखाली होतं. कबुतराएवढं, कोमट, श्वास घेत होतं.

“सीमेवर अडचण होते याची,” ते म्हणाले. “चार आहेत ना तुमच्याकडे. मान वाढतोय तुमचा, ताई. तुमच्या विहारातली मूर्ती दिल्लीला जाणार आहे.”

“हे गेलं तर आम्ही कोण उरतो, भाऊ?”

“न्या मग. मागून म्हणणारं कोणी असलं तर.”

मी ते पदरात गुंडाळून आणलं. माझी माणसं मला ठाऊक होती.

रविवारी माणसं येत गेली तसा विहार लांबत गेला. शेवटची रांग नदीपलीकडे बसली. वंदनेनंतर मंचाची मिरवणूक होती, म्हणून पांढऱ्या कपड्यांतल्या प्रत्येकाच्या हातात मंचाने वाटलेली तलवार होती. मी पदर सोडला. शील जिभेवर येऊन बसलं. मी मोठ्यानं म्हटलं.

आधी शेवंताबाई म्हणाली. मग नदीपलीकडपर्यंत सगळे म्हणाले, अगदी बरोबर. शील म्हणताना हात जोडावे लागतात. तलवार खाली ठेवायचं कुणाला सुचलं नाही. त्यांनी पात्यासकट हात जोडले आणि श्रद्धेनं घट्ट दाबले. पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या. सगळे शांतपणे माझ्याकडे बघत होते, मी दुसरं शील म्हणायची वाट पाहत.