हंसांचा पडदा

आमच्या स्टुडिओत पडदे दोन. एकावर राजवाडा: खांब, जिना, जिन्यावर फुलांच्या कुंड्या. दुसऱ्यावर तळं, वर चंद्र आणि पाण्यात हंसांची जोडी. दोन्ही जाड मांजरपाटाचे, अब्बांनी एकाच पेंटरकडून रंगवून घेतलेले. राजवाडा पेठांतल्या घरंदाज मंडळींसाठी आणि हंस आमच्या मागच्या गल्लीतल्या बायकांसाठी. बुधवार पेठेतली मागची गल्ली म्हणजे कुठली, ते पुण्यात सांगावं लागत नाही. सगळ्यांना ठाऊक असते आणि आत मात्र कोणीच गेलेलं नसतं!

हे माझ्या अब्बांच्या मनचं नव्हतं. गिऱ्हाइकांनीच कुरकूर केली, आमच्या लेकीसुना बसतात तिथंच त्यासुद्धा बसणार का? मग अब्बांनी वेगळा पडदा टांगला आणि वर नियम घातला. हंसांपुढचा फोटो शोकेसमध्ये लागणार नाही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेसही पडणार नाही. त्या बायका आपापले फोटो घेऊन जायच्या आणि खोलीत आरशाशेजारी लावायच्या. अब्बा गेल्यावर कॅमेरा माझ्याकडे आला. बाई फोटो काढते म्हणून लोकांनी थोडे दिवस नाकं मुरडली. मग त्यांच्याच बायका म्हणायला लागल्या, नसीम आहे ते बरं, पदर सारखा करायला परका पुरुष नको. तो नियम तेवढा तसाच चालू राहिला. त्या पडद्याची दोरी ओढताना माझं डोकं फिरायचं, खोटं कशाला बोलू?

चौऱ्याहत्तर साली तुळजाबाई लेकीला घेऊन आली. तुळजाबाई मागच्या गल्लीतली. लेक हेमा लहानपणापासून वसतिगृहात वाढली, शिकली, नर्स झाली. हडपसरच्या कारखान्यातला मच्छिंद्र हात चिरला म्हणून हिच्या दवाखान्यात आला आणि जखम बरी झाली तरी पट्टी बदलायला येत राहिला. हेमानं त्याला आईबद्दल सगळं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, लग्न तुझ्याशी करायचंय. पण त्याचे वडील आप्पासाहेब म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांना आधी मुलीचा फोटो हवा होता.

मी राजवाडा खाली सोडला.

"थांबा नसीमताई," हेमा म्हणाली. "आई कुठल्या पडद्यापुढे बसायची?"

तुळजाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं ए बये, गप बस. बाई जिकडं बसवतील तिकडं बस."

"मी आईच्याच पडद्यापुढे बसणार. तिनं मला शिकवलं ते काय त्या राजवाड्यात राहून?"

मी तिला समजवायला हवं होतं म्हणता? छे! मला तर तिची दृष्ट काढावीशी वाटली. हंस खाली आले. हेमा ताठ बसली, थेट कॅमेऱ्यात बघत. तुळजाबाई मात्र बाकावर बसून पदराला डोळे पुसत होती. "हिच्या हट्टापायी स्थळ जाईल गं नसीम," म्हणाली. "माझं एवढं एकच मागणं होतं देवाकडं."

आणि खरंच, आठवडा झाला नसेल, आप्पासाहेब स्टुडिओत येऊन थडकले. पांढरा फेटा, हातात फोटो, मागे खाली मान घातलेला मच्छिंद्र. नमस्कार नाही, काही नाही. फोटो काउंटरवर आपटला.

"ही कुणाची पोर हाय?"

"बसा तरी आधी. पाणी घ्या."

"बसाया न्हाई आलो! माझ्या घरातला हरेक फोटो तुझ्या बापानं त्या राजवाड्याम्होरं काढलाय. ह्यो पडदा हंसांचा हाय. हंसांम्होरं कोण बसतं ते मला म्हाईत हाय. त्या मागल्या गल्लीतल्या बाया! आता तूच सांग माझ्या लेकाला, त्याचं डोळं उघडू दे. लगीन मोडलं म्हणून समज."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मच्छिंद्र काही बोलू गेला, तर त्याच्यावर हात उगारला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण आम्ही बुधवारातली माणसं, आग लागली तरी आवाज चढवत नाही.

"आप्पासाहेब," मी म्हटलं, "एक विचारू का? हा पडदा आपण कुठं पाहिलात?"

"कुठं म्हंजे? हितंच की."

"इथं? राजवाडा खाली असला की हंस गुंडाळून वर असतात. आपल्या घरचे फोटो काढताना ते दिसणार कसे? बाहेर शोकेस आहे, जाऊन बघा, एक हंस सापडला तर आजपासून दुकान बंद करते. माझ्या अब्बांचा नियम होता. हंसांचे फोटो एकाच ठिकाणी लागतात, त्या बायकांच्या खोलीत, आरशाशेजारी. रस्त्यावरून नाही दिसत. त्यासाठी आत जावं लागतं."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मी त्या दिवशी समोर उभं बघितलं. आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम, हात फेट्याकडे. मच्छिंद्र बापाकडे बघत होता, आणि ते बघणं असं होतं की मलाच नजर वळवावी लागली.

"लग्न खुशाल मोडा," मी म्हटलं. "फक्त घरी आपल्या मंडळींना, मथुराबाईंना, कारण काय सांगणार ते आत्ताच ठरवून ठेवा. पडदा ओळखला म्हणालात, तर त्यापण हेच विचारतील."

मच्छिंद्रनं काउंटरवरचा फोटो उचलला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि खिशात ठेवला. "ताई, लग्नाचा फोटो काढायला तुमच्याकडेच येणार," एवढंच बोलला आणि बापाची वाट न बघता पायऱ्या उतरून गेला.

आणि आले की सगळे! मी कोणाला विचारलंसुद्धा नाही, सरळ हंस खाली सोडले. मधल्या खुर्चीवर तुळजाबाई, हिरव्या इरकलीत. ती खुर्चीला हात लावायला तयार नव्हती, हेमानं खांदे धरून बसवली. शेजारी मथुराबाई. त्यांनी तिच्या पदराची चुणी सारखी केली आणि म्हणाल्या, "किती छान हंस हायती, न्हाई?" तुळजाबाईनं मान उचलली, हसली.

आप्पासाहेब मागे कडेला उभे होते. फेटा नवा, नजर जमिनीवर. मी काळ्या कापडाखालून दोनदा डोकं बाहेर काढलं, खाकरले. माणूस काही वर बघेना.

"अहो आप्पासाहेब, मान वर करा," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "तुळजाबाईंनीसुद्धा खाली घातलेली नाही."